तेवीस दिवसांचं कारलं

वलवण,
१२ नोव्हेंबर २०२४

ती. गोपूदादास,
सा. न.

एवढं लिहून दहा मिनिटं नुसती बसले होते. तातांच्या कुटीत आम्हा साधिकांचा कुठलाही कागद ‘तातचरणी’ या शब्दाने सुरू व्हायचा, वाणसामानाची यादीसुद्धा. हाताला तो शब्द इतका बसलाय की पहिला कागद त्यानेच खराब झाला. हा दुसरा.

तू म्हणशील, देहूरोड काय लांब आहे, मोबाईल घेऊन दिलाय, मग हा पत्रांचा खटाटोप कशाला? दादा, फोनवर कुणी काही विचारलं की माझ्या तोंडून आधी ‘हो’ निघतं आणि प्रश्न मागाहून कळतो. परवा कुणी विमा विकणारा होता, त्याला मी तीनदा हो म्हटलं. शेवटी घरमालकीण उम्मेहानी आपांनी फोन काढून घेतला. कागदावर मला वेळ मिळतो. आणि पाकीट चिकटवलं की ते मधे कुणी उघडत नाही, याची मजा तुला नाही कळायची.

भाऊबीजेला तुझ्याकडून निघाले ती इथे नीट पोचले. तुझ्या डेपोतल्या रियाजभाईंनी घरामागची खोली चुना देऊन ठेवली होती. त्यांच्या पत्नी, आपा, दुसऱ्याच दिवशी मला स्वतःच्या दुकानात घेऊन गेल्या. फॉल-पिको, ब्लाऊज, दुपट्ट्यांना गोट, असं सगळं करतात. मशीन मला येतं, चौदा वर्षं कुटीच्या शिवणखात्यात दुसरं काय केलं? पण तिथे कापड पांढरं, दोरा पांढरा. इथे भिंतभर रिळं आहेत. साडी हातात देऊन आपा म्हणतात, “जुळता फॉल काढ,” आणि मी एकेक फॉल काढून पुन्हा जागेवर ठेवत बसते. आपांना विचारलं तर म्हणतात, “डोळे हायेत ना?” म्हणून तुला विचारते.

दूध म्हशीचं घेऊ की गाईचं? दुपारी पडलं तर चालेल का? दोनदा चहा घ्यावा का एकदाच? केस कापावेत का? आपांनी हिरवी साडी दिलीये, ती मी नेसावी का? रविवारी धरणाकडे फिरायला लोक जातात, एकटं जाणं बरं दिसेल का?

हसू नकोस. कुटीत यातलं प्रत्येक सकाळी चिठ्ठीवर लिहून आज्ञापेटीत टाकायचं असे. संध्याकाळी तातांचं उत्तर यायचं. हो, नको, किंवा थांब. तीनच शब्द. बाकी काही डोक्यात ठेवायचं नाही. खरं सांगू, झोप फार छान लागायची तिथे. इथे नीट लागत नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
रजनी

---

देहूरोड,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. रजनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डेपोत सदतीस वर्षं मी मागणीपत्रकांना उत्तरं दिली, पण इतकं साधं मागणीपत्रक कधी आलं नव्हतं. तेव्हा ऐक.

दूध म्हशीचं. दुपारी खुशाल पड, पण अर्ध्या तासाच्या वर नाही. चहा दोनदा, तिसरा नाही. केस कापू नकोस, आपल्या घराण्यात बायकांचे केस चांगले आहेत, माझ्या आत्याचे, म्हणजे तुझ्या आईचे, बघितलेस ना? हिरवी साडी नेस. धरणाकडे जा, पण रविवारी नाही, रविवारी तिथे सगळी मुंबई भजी खायला उतरते. फॉलचं मला काही कळत नाही, पण गडद रंग घे, मळत नाही.

शिवाय रोज वर्तमानपत्र वाच. अग्रलेख आधी, मग बाकीचं. वाचून झालं की खाली दोन ओळी स्वतःचं मत लिही आणि दर शनिवारी मला पाठव, मी तपासून देईन. माणसाला स्वतंत्र विचार करायची सवय लावून घ्यावी लागते, रजे. ती मी तुला लावणार आहे.

तुला आठवत असेल, मागच्या माघात आत्या आजारी असताना मी कुटीच्या पत्त्यावर चार पानी पत्र टाकलं होतं. तुझी वहिनी तेव्हा म्हणाली होती, कशाला दगडावर डोकं आपटता? पण बघ, उशिरा का होईना, त्या पत्रानेच तुझे डोळे उघडले. मी कुणाला बोलून दाखवत नाही. फक्त रियाजला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या जोशींना सांगितलं आणि बँकेत एकदा विषय निघाला म्हणून तिथे सांगितलं.

बाकी चौदा वर्षांत तुझ्या डोक्यात जो गोड गोड गुळाचा पाक साठलाय ना, तो उतरायला तुला महिनाभर नुसतं कारलं खायला घातलं पाहिजे!

वहिनीचे आशीर्वाद.

तुझा दादा,
गोपाळकृष्ण

---

वलवण,
१४ डिसेंबर २०२४

गोपाळभाऊंना उम्मेहानीचा सलाम.

मला कागदावरची भाषा येत न्हाई, मी बोलते तसंच लिवते. राग मानू नका.

भाऊ, तुमी तिला काय लिवलंय? तेवीस दिवस झाले, ही बाई कारलं खातीय. सकाळी कारलं, रात्री कारलं. मला वाटलं साखर असंल. म्हणून मी काय बोल्ले न्हाई, उलट बाजारातून बगून कवळी कारली आणून देत हुते. काल आमच्या घरी बिर्याणी केलती. भाज्यांची, खास तिच्यासाठी येगळ्या पातेल्यात. तर म्हणते, आपा, अजून आठ दिवस हायेत. कसले आठ दिवस, म्हटलं. तर तुमची चिठ्ठी काढून दाखवली. मी वाचली. भाऊ, ती तर मस्करी हाये हो! मी सांगितलं, आगं मस्करी केलीय भावानं. तर कशी बगत राहिली माझ्याकडं. मग म्हणाली, मला वाटलं दादाचा हुकूम हाये.

बिर्याणी खाल्ली तिनं. दोनदा घेतली. पण रडत रडत खाल्ली.

पोरगी लय गुणाची हाये. टाका तिच्यासारखा लोणावळ्यात कुणाचा न्हाई. पण तुमी जपून लिवत जा. दुसऱ्या कुणाला लिवता तसं तिला लिवून चालायचं न्हाई. ती जिथून आलीय तितं एक बुवा हुता. आता तुमी हायेत. मला जे दिसलं ते सांगितलं.

रियाज म्हणतात, गुडघ्याला तेल लावायचं इसरू नका.

उम्मेहानी

---

देहूरोड,
१८ डिसेंबर २०२४

रजे,

आपांचं पत्र आलं. मी ते वहिनीला वाचून दाखवलं. ती उठून आत गेली आणि बराच वेळ भांडी वाजवत होती. आमच्या घरात याचा अर्थ काय होतो तुला माहीत आहे.

तेवीस दिवस. अगं, मी आयुष्यभर विनोद करतोय, आजपर्यंत एकाही माणसाने माझं ऐकून साधी खिडकी लावलेली नाही. आणि तू तेवीस दिवस कारलं खाल्लंस.

मला फार वाईट वाटतंय. लिहिता येत नाही नीट. तुझी मतं तपासून देणार होतो मी! तू पाठवलेल्या त्या चार शनिवारच्या चार कागदांवर मी लाल पेनने खुणा केल्यात. आत्ता समोर आहेत. त्यातल्या तिसऱ्या कागदावर तू माझंच वाक्य मला परत लिहून पाठवलं होतंस आणि मी त्याला ‘उत्तम’ असा शेरा मारलाय. धन्य आहे माझी.

यापुढे माझं एक अक्षरसुद्धा ऐकायचं नाही. ही शेवटची सूचना समज.

गोपूदादा

---

वलवण,
२६ डिसेंबर २०२४

ती. गोपूदादास सा. न.

तुझ्या शेवटच्या सूचनेने मला दोन दिवस छळलं. ती पाळली तर तुझं ऐकलं असं होतं. नाही पाळली तर पुढेही ऐकत राहायला हवं. मशीनवर बसून हाच घोळ घालत होते आणि एकदम हसायला आलं. इतकी हसले की गिऱ्हाईक बाई बघायला लागली. चौदा वर्षांत मी अशी एकटी हसले नव्हते. तिथे हसायच्या वेळा होत्या.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. कारल्याने कुणी मेलं नाही. गंमत म्हणजे, आपांनी विचारलं, “आगं पण तुला आवडत तरी हुतं का?” आणि मला सांगताच येईना. तेवीस दिवस खाऊन मला माहीत नव्हतं की मला ते आवडतं की नाही. म्हणजे जीभ होती, चव कळत होती, कडू होतं हे नक्की. पण ‘आवडतं’ की ‘आवडत नाही’ हे जिथे ठरतं ती जागाच सापडेना.

आता एक पराक्रम सांगते. गेल्या आठवड्यात कुसगावच्या एका शिक्षिका पोपटी साडी घेऊन आल्या, खाली मोरपंखी काठ. आपा बाहेर गेल्या होत्या. मी कुणाला न विचारता फॉल काढला आणि लावून टाकला. पोपटी. बाई घ्यायला आल्या आणि कपाळाला हात लावला. फॉल काठाला जुळवायचा असतो, अंगाला नाही! काठाआडून पोपटी पट्टी डोकावत होती. कुटीत चुकीचं शिवलं की संध्याकाळच्या सभेत सगळ्यांसमोर उभं राहून ‘मी मनाने वागले’ असं म्हणावं लागे. मी तिथल्या तिथे उभी राहिले आणि तेच म्हणाले. त्या बाई गोंधळल्या. तेवढ्यात आपा आल्या. साडी बघितली, म्हणाल्या, “उसव.” बस्स, एवढंच. ब्लेड घेतलं, उसवला, मोरपंखी लावला. शिक्षिकाबाई तोवर चहा पीत बसल्या आणि जाताना म्हणाल्या, अजून दोन साड्या आणते. दादा, एवढंच असतं का रे चुकणं?

आता जे सांगायचं ते सांगते. बरेच दिवस धीर होत नव्हता.

तुझं चार पानी पत्र मला मिळालं नाही. बाहेरचं टपाल आमच्या हातात येतच नसे. तुझ्याकडे राहायला आले तेव्हा तू इतक्या आनंदाने ते पत्र सगळ्यांना सांगत होतास की मला ‘नाही’ म्हणवलं नाही. माझा स्वभाव तुला आता ठाऊक आहेच.

मी बाहेर पडले ते असं. आई आजारी आहे हे मला माहीत होतं. भाजी आणणाऱ्या बाईने निरोप दिला होता. मी चिठ्ठी लिहिली, “आईला भेटून येऊ का?” पेटीतल्या चिठ्ठ्या चार हातांतून जातात, आईचं दुखणं सगळ्यांनी वाचू नये म्हणून मी ती दुमडून पांढऱ्या दोऱ्याने शिवली आणि माझी नेहमीची दुहेरी गाठ मारली. तातांनी फक्त कापून वाचावी म्हणून. उत्तर आलं, “थांब.” पुन्हा शिवून टाकली. “थांब.” चार वेळा. चौथ्या ‘थांब’नंतर सहा दिवसांनी आई गेल्याचं कळलं. मला वाटलं, तात वाचताहेत, त्यांना पुढचं दिसतंय, काहीतरी कारण असणार. मी रडलेसुद्धा नाही. रडू का, असंही चिठ्ठीत विचारलं होतं. त्यालाही ‘थांब’च आलं.

ऑगस्टमध्ये मला पेटीच्या खोलीत पडद्यांचं माप घ्यायला पाठवलं. टेबलाच्या खणात रबर लावलेले गठ्ठे होते. हो. नको. थांब. आधीच लिहून ठेवलेले. खाली पोत्यात जुन्या चिठ्ठ्या, जाळायला काढलेल्या. माझ्या लगेच ओळखू आल्या, शिवलेल्या दुसऱ्या कुणाच्या असणार? चारही होत्या. दादा, टाका तसाच होता. गाठसुद्धा हलली नव्हती.

मी माप घेतलं. पडद्याचं माप वहीत लिहिलं. मग मागच्या फाटकाने बाहेर पडले, त्याच भाजीवाल्या बाईच्या टेम्पोत बसले आणि तुझ्या दारात आले. रागावले नव्हते, भ्याले नव्हते. नुसती लाज वाटत होती. इतकी साधी गोष्ट मला चौदा वर्षं कळली नाही, हे तुला कुठल्या तोंडाने सांगायचं?

आता सांगितलं. बरं वाटतंय.

रजनी

ता. क. दूध मी गाईचं घ्यायला लागलेय. म्हशीचं मला जड जातं.

---

देहूरोड,
२ जानेवारी २०२५

प्रिय रजे,

तुझं पत्र आल्यापासून मी तीनदा लिहायला बसलो. आज नवीन वर्षाचा दुसरा दिवस, आता लिहितोच.

तुझ्या कबुलीला माझी एक कबुली. त्या चार पानी पत्राची नक्कल माझ्याकडे आहे, मी सगळ्याच्या नकला ठेवतो. काल काढून वाचली. रजे, बरं झालं ते तुला पोचलं नाही. त्यात मी लिहिलं होतं की आत्या तुझ्या नावाने बोटं मोडते आहे, तुझ्यामुळे झुरते आहे, आणि तू आली नाहीस तर तिचा आत्मा तुला क्षमा करणार नाही. मी! आयुष्यात कधी आत्मा मानला नाही आणि तुला घाबरवायला त्याला कामाला लावला. तातांच्या आणि माझ्या कागदात तसा फरक नव्हता, फक्त माझा लांब होता.

खरं असं की आत्या तुझ्यावर रागावली नव्हती. शेवटच्या आठवड्यात मी तळेगावला तिच्याजवळ होतो. एकदा म्हणाली, “रजी लहानपणी हट्टी होती रे फार. सहा वर्षांची असताना जेवणाच्या पाटावरून उठून गेली होती, शेपू आवडत नाही म्हणून. दिवसभर उपाशी राहिली पण शेपू खाल्ला नाही. तो हट्ट कुठे गेला असेल?” आणि हसली. मग म्हणाली, “कुठे जात नाही. असेल तिथेच.”

हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर माझं पत्र खोटं पडलं असतं, म्हणून नाही सांगितलं.

तू रडून घे आता. हा हुकूम नाही. मी पण रडलो, म्हणून म्हटलं.

बँकेत जाऊन मी सांगून आलो की आमच्या बहिणीचे डोळे तिचे तिनेच उघडले. कारकुनाला आधीचंच आठवत नव्हतं.

तुझा,
गोपूदादा

---

वलवण,
२० जानेवारी २०२५

ती. गोपूदादास सा. न.

शेपूची गोष्ट वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवायला लावलं. आपा शेजारी बसून दुपट्ट्यांना गोट लावत राहिल्या. पोटभर रडले. आईसाठी ते पहिलंच.

त्यानंतरचे दिवस किती चांगले गेले ते तुला सांगणार होते. मी धरणाकडे जाते, तेही रविवारीच. मला गर्दी आवडते असं निघालं. केस खांद्यापर्यंत कापले. फॉल आता नव्वद टक्के बरोबर जुळतात. पण हे सगळं मागे पडलं, कारण काल कुटीतली समीक्षा आली.

समीक्षा माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. माझ्याहून अठरा-वीस वर्षांनी लहान, फार मायाळू. कुणाकडून पत्ता मिळाला कोण जाणे. पांढरी साडी, हातात कुटीचा प्रसाद. एकही वाकडा शब्द बोलली नाही. म्हणाली, तुमचं मशीन आम्ही कुणाला दिलं नाही, रोज पुसतो. आणि एक चिठ्ठी माझ्या हातात दिली. त्यावर एकच शब्द. “ये.” तातांनी क्षमा केली आहे म्हणे. तीस तारखेला, गुरुवारी सकाळी गाडी घेऊन ती मला न्यायला येणार आहे.

दादा, मला ठाऊक आहे त्या चिठ्ठ्या कशा लिहिल्या जातात. मी डोळ्यांनी गठ्ठे पाहिले. तरीही ‘ये’ वाचलं आणि माझे पाय आपोआप चपलेकडे गेले. तो गठ्ठ्यातला शब्द नव्हता ना! माझ्यासाठी नवा लिहिला होता. चौदा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी तिथे वेगळा शब्द दिला. आणि पहाटेची घंटा, शंभर बायकांचं एका सुरातलं म्हणणं, कसला विचार नको, कसली निवड नको…

आपांना विचारलं. “मला इचारू नको, माझ्याकडं लग्नाचे बारा दुपट्टे पडलेत,” म्हणाल्या. पण हातातल्या दुपट्ट्याला त्यांनी गोट उलटा लावला, हे मी बघितलं.

एकदाच सांग. तू मला काही सांगणार नाहीस असं ठरवलं आहेस, कळतंय. पण हे दूध-चहासारखं नाही. जाऊ का नको? तू म्हणशील तसं करेन.

रजनी

---

देहूरोड,
२४ जानेवारी २०२५

प्रिय रजे,

तुझं पत्र वाचलं आणि मी लगेच लिहिलं, “खबरदार! सामान बांध आणि तडक देहूरोडला निघून ये. मी स्टेशनवर उभा आहे.” पाकीट चिकटवलं, पायात चपला घातल्या. दारात वहिनी उभी. म्हणाली, “काय लिहिलंत?” मी सांगितलं. ती म्हणाली, “त्यांनी ‘ये’ लिहिलं, तुम्ही पण ‘ये’ लिहिलंत. तिने कुणाच्या गाडीत बसायचं एवढंच ठरवायचं का?”

मी पंचेचाळीस मिनिटं सोफ्यावर बसून होतो. ते पाकीट फाडलं. हे दुसरं लिहितोय, आणि माझ्या आयुष्यात इतकं कठीण काही लिहिलेलं नाही.

मी सांगणार नाही.

सांगावंसं वाटतंय, फार वाटतंय. पण मी ‘जाऊ नकोस’ म्हटलं आणि तू राहिलीस, तर तू माझ्या कुटीत राहिलीस. मला असली कुटी चालवायची नाही, माझे गुडघेच नीट चालत नाहीत. तू तिकडे गेलीस तर मी त्या फाटकाशी येऊन उभा राहीन, दर महिन्याला, आत सोडलं नाही तरी. वलवणला राहिलीस तर तिथे येईन. इथे आलीस तर तुझी खोली आहेच. यातलं काहीही केलंस तरी तू माझी बहीण, त्यासाठी तुला माझं काही ऐकावं लागत नाही.

मला भीती वाटते आहे. हेही लपवत नाही.

ठरवलंस की कळव. मी तोवर वहिनीच्या पाया पडतो, तिने मला वेळेवर अडवलं.

गोपूदादा

---

वलवण,
३१ जानेवारी २०२५

प्रिय गोपूदादा,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. हौशीराम पोस्टमन म्हणाला, “ताई, आता पत्रं लिवणारं मानूस ह्या बीटात तुमी येकल्याच. तुमच्यापायी मला ह्या गल्लीत यावं लागतं.” मी पाकीट घेतलं, कात्री कडेला लावली आणि थांबले.

मला तुझं उत्तर माहीत होतं. तू लिहिलं असणार, सामान बांध आणि तडक देहूरोडला ये. अगदी तुझ्या आवाजात ऐकू येत होतं. आणि मनात आलं, ते फोडलं की मी निघणार. चांगल्या घरी, चांगल्या माणसांकडे, पण पुन्हा चिठ्ठी वाचूनच निघणार. तिथे माझे प्रश्न कुणी उघडले नाहीत म्हणून मी बाहेर पडले. पण ते प्रश्न मी तरी कधी उघडून बघितले होते? लिहायचे, शिवायचे आणि पेटीत टाकायचे.

म्हणून मी काय केलं सांगते, आपांनी वेड्यातच काढलं मला. एका चिठ्ठीवर लिहिलं, “जाऊ का?” ती दुमडली, भिंतीवरचं लाल रीळ काढलं, टाका घातला, दुहेरी गाठ मारली. मशीनवर ठेवली आणि तीन फॉल लावले. मग ब्लेडने गाठ कापली, चिठ्ठी उघडली आणि ज्याच्यासाठी आलीये तो आपणच अशा थाटात वाचली. दादा, उत्तर यायला संध्याकाळ लागली नाही. ‘नको’ आलं. आतूनच आलं, जरासं चिडकं, शेपूच्या पाटावरून उठावं तसं.

आपा म्हणाल्या, “ह्येच्यासाठी दोरा कशाला घालवायचा?” आणि पदराने डोळे पुसले.

काल सकाळी समीक्षा आली. गाडी बाहेर उभी होती. मी हिरवी साडी नेसले होते. मी म्हटलं, “मी येणार नाही.” ती म्हणाली, “तातांना काय सांगू?” मी म्हटलं, “रजनी नाही म्हणाली, असं सांग.” शिवलेल्या चिठ्ठ्यांचंही सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, वाद घातला नाही. नुसती रिळांकडे बघत होती. आपांनी चहा दिला. तिने तो पटकन पिऊन टाकला आणि रिकाम्या कपाकडे बघत हळूच विचारलं, “बाहेर दोनदा चहा घेतलेला चालतो का हो, रजनीताई?”

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, हो, घे की! तसंच गिळलं. विचारलं, “तुला हवाय का?”

बाहेर ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. आपांनी मशीन थांबवलं. मग समीक्षा म्हणाली, “हवाय.” आणि इतकी घाबरली जशी काही चोरी केली. दुसरा कप तिने सावकाश प्यायला. गेली ती गाडीत बसूनच, पण जाताना दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर तिने दोनदा वाचला. तिचं ती ठरवेल. मी वाट बघेन, बोलावणार मात्र नाही.

मी इथेच राहते आहे. देहूरोडला राहायला येत नाही, तू कितीही बजावून लिहिलं असलंस तरी. तुझा एवढा मोठा शब्द पहिल्यांदाच मोडतेय, रागावू नकोस. रागावलास तरी चालेल, तेही मला आता सोसतं. तुझं पाकीट अजून मशीनशेजारी आहे, न फोडलेलं. हे पत्र पेटीत टाकून आले की निवांत बसून वाचणार आहे, चहा घेत. तिसरा कप.

पुढच्या रविवारी, नऊ तारखेला, तुमच्याकडे जेवायला येते. वहिनींना सांग, काहीही करा, पण कारलं करू नका. मला आवडत नाही.

तुझी,
रजी